चूक वडिलांची, हप्ते माझे. जबाबदारी घ्यायची म्हणजे दोषही आपल्यावर घ्यायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील मित्राच्या कर्जाला जामीन राहिले, मित्राने हात वर केले आणि दोन वर्षं हप्ते तुमच्या पगारातून जाताहेत. घरात तोंड उघडलं की "दोष देणं सोड, जबाबदारी घे" हेच ऐकावं लागतं. मग चूक माझी होती असं मी कबूल करायचं का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात करू नका. चूक वडिलांची आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्या मित्राची. पण दोष कुणाचा हे ठरलं की पुढचं आपोआप सुटेल असं वाटत असेल, तर माझी एक फजिती ऐका.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, मांडवीच्या काठचा. आमची शेती खाजनात. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याहून सखल जमीन. बाहेर खारं पाणी, आत भात, मध्ये मातीचा बांध. बांधाला मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर करणारी दारांची मोरी. तिची दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. पूर्वी बांधाची राखण गावकरीकडे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे होती. पोर्तुगीज अमलात तिला कोमुनिदाद म्हणू लागले. १९६४ साली कूळ कायदा आला, कुळांचे हक्क पक्के झाले, पण बांध कुणी राखायचा याचा घोळ काही संपला नाही. १९७५ साली त्यासाठी वेगळे नियम निघाले. त्यांच्या नावातच कुळांची 'संयुक्त जबाबदारी' आहे. संयुक्त म्हणजे प्रत्यक्षात काय, ते मी २००८च्या श्रावणात पाहिलं.

दुपारी बस पकडायला बांधावरून चाललो होतो. एका जागी कुर्ल्यांनी केलेलं भोक दिसलं, अंगठा जाईल एवढं. आतल्या अंगाला पाण्याची सुतासारखी धार लागली होती. आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं की झिरपणारं पाणी नितळ असेल तर एवढी चिंता नाही, गढूळ असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. धार गढूळ होती. चिखलाचा गोळा, मूठभर पेंढा आणि वरून टाच, एवढ्यावर काम भागलं असतं. पण अंगात इस्त्रीचा शर्ट होता, बस चुकली असती, आणि बांध बघायला कुळांच्या संघटनेने माणूस ठेवलेला होता. मी पुढे गेलो.

चार दिवसांनी अमावास्येचं उधाण आलं आणि रात्रीत बांध फुटला. सकाळी दोन माणसं आडवी मावतील एवढी वाट पडली होती. लावणी होऊन महिना झालेलं भात खाऱ्या पाण्यात.

देवळाच्या मंडपात सभा भरली. कुणी म्हणाला, मासळीसाठी मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, घेतलेला माणूस रात्री दारं उघडी ठेवतो. कुणी म्हणाला, खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध खालून खाल्ला. राखणीचा माणूस फिरतच नाही, खजिनदाराने पेंढ्याचे पैसे दिले नाहीत, सरकारी खात्याकडे अर्ज पडून आहे. गंमत म्हणजे यातलं एकही खोटं नव्हतं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. राखणदाराला मी असा काही झाडला की दोघांनी पाठ थोपटली.

तासाभराने मागे बसलेल्या आबांनी विचारलं, "भरती किती वाजता?"

कुणालाच सांगता येईना. भरती दिवसातून दोनदा येते आणि दर खेपेला ती वाट आणखी रुंद होत होती. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. बांबू आले, पेंढा आला, घमेली आली. मी कमरेइतक्या चिखलात उभा राहून घमेली पुढे देत होतो आणि माझ्या शेजारी तोच राखणदार होता. एकदा घमेलं घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

रात्री आईला भोकाचं सांगितलं. तिने जेवण वाढता वाढता एवढंच विचारलं, "आणि तू सभेत बोललास?" पुढच्या सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं. दोघे हसले, एकाने शिवी घातली, आणि अमावास्या-पौर्णिमेला बांधावर फेरी मारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते अजून आहे. राखणदाराचा हलगर्जीपणा त्यामुळे काही कमी झाला नाही, आणि माझ्या एका भोकामुळे बार्जींच्या लाटाही निर्दोष ठरल्या नाहीत. त्या वर्षी भात गेलंच.

उलट बाजूही घरातच पाहिली. माझ्या चुलतभावाने कर्ज काढून खनिजाचा ट्रक घेतला होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या. त्याचा दोष शून्य. तो तीन वर्षं चहाच्या टपरीवर बसून कुणाचं काय चुकलं ते सांगत होता, आणि त्याचं म्हणणं इतकं बरोबर होतं की त्याला कुणी उठवूही शकलं नाही. दारातल्या ट्रकला गंज चढला.

आता तुमचं. आबांचा प्रश्न तुमच्या घरातही विचारता येतो. जामिनाच्या कागदावर तुमची सही आहे का, ते आधी बघा. नसेल आणि वडील हयात असतील, तर निव्वळ मुलगा म्हणून ते देणं कायद्याने तुमच्यावर येत नाही. तुम्ही फेडताय ते स्वखुशीने, आणि हे घरात एकदा शांतपणे, सगळ्यांसमोर बोललं गेलं पाहिजे. दुसरं, जामीनदाराने जे योग्य रीतीने भरलं ते मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे. करार कायदा १८७२, कलम १४५. म्हणजे मित्राला दोष द्यायचाच असेल तर तो घरात न देता वकिलाच्या नोटिशीत द्या, तिथे त्याचा उपयोग होईल. हप्ते तुमच्या खात्यातून थेट जात असतील तर ते वडिलांच्या खात्यातून वळवता येतील का, हेही वकिलाला विचारा. भरणारा जामीनदारच आहे हे कागदावर दिसलेलं बरं.

आणि हा दावा लावायला मुदत तीन वर्षांची असते, जामीनदाराने पैसे भरल्या दिवसापासून. तुमची दोन वर्षं गेली आहेत. पहिल्या हप्त्याची पावती आज रात्रीच शोधून तारीख बघा.