तिच्या मेसेजला उत्तर दे

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी ३८ वर्षांची. मागच्या वर्षी बाइक शिकले आणि स्वतःच्या पैशांनी साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. माझी उंची पाच फूट एक इंच. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा एका ग्रुपबरोबर राइडला गेले. बारा जणांत आम्ही दोघीच बायका. परत फिरताना यू टर्न मारला आणि गाडी आडवी झाली, मीही पडले. फार लागलं नाही, गुडघा काळानिळा झाला आणि आरसा तुटला. दोघातिघांनी गाडी उचलली, एक जण म्हणाला स्कूटर घ्यायची ना, सगळे हसले. ती दुसरी बाई मागे थांबली होती, आरशाचे तुकडे तिनेच गोळा केले, रात्री तिचा नीट पोचलीस का असा मेसेज पण आला, पण मला इतकं कसंतरी झालं होतं की मी उत्तरच दिलं नाही. तेव्हापासून गाडी उभी आहे. नवरा म्हणतो विकून टाक, तुला झेपणारी नाहीये. मला विकायची नाहीये पण चावी हातात घेतली की पोटात गोळा येतो. खरंच माझं वय आणि उंची आडवी येतीये का?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाही येत आडवी, ना वय ना उंची. तुझी गाडी ज्या कारणानं पडली ते अगदी साधं आहे आणि शिकण्यासारखं आहे, आणि ते तुला आजवर कुणी समजावून सांगितलं नाही याचा मला राग येतोय. शिकवणारे गिअर कसे टाकायचे ते शिकवतात, सरळ रस्त्यावर चालवून घेतात आणि झालं म्हणतात, पण बाइकची खरी कसोटी असते ती चालण्याच्या वेगात.

वेग असला की गाडी स्वतःला सावरते, हळू झाली की तिचं सगळं वजन तुझ्याकडे येतं. यू टर्न मारताना हँडल वळलेलं असतं, त्यात भीती वाटून आपण पुढचा ब्रेक दाबतो, पुढचं चाक जागीच अडतं, वजन आतल्या बाजूला जातं आणि गाडी बसते. तू लिहिलं नाहीयेस पण मी खात्रीनं सांगते, तुझी नजर तेव्हा खाली रस्त्यावर होती, कारण माझीही होती. मी शिकत होते तेव्हा असंच वळताना गाडी पाडली आणि मग पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोनदा. जिथे बघतो तिथेच गाडी जाते गं. म्हणून वळताना हनुवटी उचलायची, मान फिरवून वळण संपतं तिथे बघायचं, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, राहायचं, मागचा ब्रेक हलकासा धरून ठेवायचा आणि पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घ्यायची. एवढंच आहे ते. पण हे एवढं रिकाम्या मैदानात दोनशे वेळा करावं लागतं, तेव्हा कुठे अंगात भिनतं, ट्रॅफिकमध्ये अकरा जण बघत असताना ते शिकता येत नाही.

उंचीचं म्हणशील तर दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असा नियम कुणी केलेला नाही. सिग्नलला थांबताना कंबर सीटवर जराशी डावीकडे सरकव, डावा पाय पूर्ण टेकव आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेव, एक पाय भक्कम टेकला की गाडी धरता येते. तरी कमी वाटलं तर सीटचा फोम कापून घेता येतो, जाड तळव्याचे बूट घेता येतात, त्यानं पण बराच फरक पडतो. सस्पेन्शन खाली करून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर मात्र घाई करू नकोस, गाडी स्पीड ब्रेकरला घासायला लागते, साइड स्टँड पण मग गाडीच्या मानानं जास्त लांब होतो, आणि वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो. क्लचचा लिव्हर बोटांना लांब पडतोय का ते पण बघ. बऱ्याच जणींचा हात छोटा असतो आणि अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं, त्यांना वाटतं आपल्यातच ताकद नाही. जवळ आणता येणारे लिव्हर मिळतात. गाडी आपल्या अंगाप्रमाणे करून घ्यायची असते, यात लाज कसली.

आता गाडी उचलायची. तुला सगळ्यात जास्त लागलं ते इथेच असं मला वाटतं, की दुसऱ्यांनी उचलली आणि तू बाजूला उभी राहिलीस. हे शिक. आधी स्वतःकडे बघ, कुठे लागलंय का, मागून काही येतंय का. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेव, नाहीतर उचलून दुसऱ्या बाजूला पडते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळव म्हणजे खालची ग्रिप तुझ्या जवळ येईल. मग गाडीकडे पाठ कर, सीटच्या कडेला बूड टेकवून खाली बस, एक हात ग्रिपवर, दुसरा मागच्या रेलिंगला किंवा फ्रेमला, पाठ ताठ, आणि पायांनी जोर लावत छोटी छोटी पावलं मागे टाकत उठ. हातांनी आणि वाकून ओढायला जाऊ नकोस, कंबर जाईल. पहिल्यांदा करताना कुणीतरी बरोबर हवं, खाली जुनी गादी किंवा गवत हवं. ज्या दिवशी तू एकटी ती गाडी उभी करशील ना त्या दिवशी पोटातला अर्धा गोळा जाईल, कारण पडली तर काय याचं उत्तर तुझ्याकडे असेल.

नवऱ्याबद्दल. त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळल्यात. एक, तो तुझा काळानिळा गुडघा बघून घाबरला. दुसरी, तुला झेपणार नाही. पहिली ऐकून घे, तिला उत्तर दे, चांगलं फुल फेस हेल्मेट जे डोकं हलवल्यावर फिरत नाही, गुडघ्याचे गार्ड, घोट्यावरचे बूट, ग्लव्हज, निघताना लाइव्ह लोकेशन. दुसरी ऐकायची गरज नाही. आणि गाडी तुझ्या पैशांची आहे, तेव्हा विकायची का नाही हे तूच ठरवायचं, तेही घाबरलेली असताना ठरवायचं नाही. आधी मैदानात दहा वेळा जाऊन ये, त्यानंतरही नको वाटली तर वीक, माझी काही हरकत नाही.

ग्रुपबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नवीन माणूस बरोबर असताना त्याला सगळ्यात पुढच्या राइडरच्या लगेच मागे ठेवतात, वेग त्याच्या हिशोबानं ठरतो, आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी राइडर असतो जो कुणालाही मागे सोडत नाही. निघायच्या आधी सगळ्यांना सांगितलं जातं की स्वतःच्या वेगानं चालवा, पुढच्याला गाठायला जाऊ नका. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. पडलेल्या माणसाला आधी लागलं का विचारतात, स्कूटरचं नंतर पण बोलता आलं असतं. त्या ग्रुपमध्ये परत जायचं का ते तू बघ, मी गेले नसते.

मग कुठे जायचं? इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लिंडा ड्युजो नावाच्या बाईला वाटलं की आपल्यासारख्या बाइक चालवणाऱ्या आणखी बायका असतीलच कुठेतरी. तिनं पत्रं लिहायला सुरुवात केली, डीलरना, ओळखीच्या राइडरना, तुमच्याकडे कुणी बाई चालवते का म्हणून. शोधत शोधत ५१ जणी जमल्या आणि १९४० मध्ये मोटर मेड्स ही संघटना उभी राहिली, ती अजून चालू आहे. दहा वर्षांनी, १९५० मध्ये, लुईस शेरबिननं WIMA सुरू केली, म्हणजे बायकांची आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटना, तिच्याही शाखा आज कितीतरी देशांत आहेत. आणि २०१९ मध्ये तर बायकांनी एक बॅटन हातोहात देत देशोदेशी फिरवलं, एकीनं आपल्या रस्त्यावर चालवायचं आणि पुढचीच्या हातात द्यायचं. एवढ्या जणी आहेत. पण सुरुवात बघ कशी झाली, एका पत्रानं.

तुला तर पत्र आधीच आलंय. त्या दिवशी हसलेले लोक तू दोन महिने मनात धरून बसलीयेस, आणि जी मागे थांबली, जिनं आरशाचे तुकडे वेचले, जिनं रात्री विचारलं, ती तुझ्या पत्रात एका ओळीत येऊन गेली. मी खात्रीनं सांगू शकत नाही पण मला वाटतं तीही कधीतरी अशीच पडली असणार, पडलेल्यालाच माहीत असतं की काच वेचायला हवी, मागून येणाऱ्याच्या टायरमध्ये जाते. आत्ता तुला पन्नास जणींचा ग्रुप नकोय, ही एकच हवीये. सकाळी लवकर, रिकामं मैदान, तू आठचे आकडे काढायचे आणि तिनं उभं राहून ओरडायचं, वर बघ, वर बघ. मोठा ग्रुप नंतर.

गाडी दोन महिने उभी आहे, म्हणजे बॅटरी उतरली असेल, टायरमधली हवा कमी झाली असेल, चेनला तेल लागेल. उद्या एवढं करून घे, आणि नुसती चालू करून दहा मिनिटं तिच्याजवळ उभी राहा, चालवायची नाही. आरसा बसवला नसशील तर तो बसव. मग फोटो काढ आणि तिला पाठव. उशीर झाला म्हणून माफी वगैरे लिहीत बसू नकोस, आरसा नवीन बसवला, मैदानात येशील का, एवढंच लिही.