पाना हातात घेण्याआधी आरसी हातात घ्या

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि कायदा

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता घरच्या शेडमध्ये एक जुनी फियाट दुरुस्त करत असतो. त्यामुळे या वेळची पत्रं वाचताना मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना होतो. फियाटचीच पुढे पद्मिनी झाली. कुर्ल्यात बनलेल्या त्या पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. नवे भाग कधीच बंद झालेत. मग हौशी माणूस एक गाडी जगवायला दुसरी विकत घेतो आणि दारात खोलतो. हौस चांगली आहे, गाड्या त्यानेच टिकतात. अडचण कागदांची होते.

प्रश्न : साहेब, वडिलांची 1986 ची पद्मिनी पुन्हा चालती करतोय. सुट्या भागांसाठी साताऱ्याच्या एका काकांकडून दुसरी बंद पद्मिनी घेतली. त्यांनी टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांवर, सह्या करून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दिली. चालवायची नव्हती म्हणून मी ती नावावर केली नाही. अंगणात खोलली, इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा काढून घेतल्या आणि उरलेली बॉडी नंबर प्लेटसकट भंगारवाल्याला दिली. आता काकांच्या मोबाइलवर द्रुतगती मार्गावरचं वेगाचं ई-चलन आलंय. फोटोत पांढरी हॅचबॅक दिसते. काका घाबरलेत, रोज फोन करतात. काय करायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी काकांना सांगा, चलनातला फोटो डाउनलोड करून ठेवा. त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. आरसीवर पद्मिनी, फोटोत दुसरीच गाडी. महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन ॲपवर चलनाविरुद्ध तक्रार करता येते, ती त्यांच्याच नावाने करा. शिवाय पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या की आमच्या गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीवर वापरला जातोय. पोच घेतल्याशिवाय परतू नका. चलनाची रक्कम थोडी असते म्हणून भरून मोकळं व्हायचा मोह होतो, तो टाळा. उद्या त्याच नंबरच्या गाडीने कुणाला उडवलं, तर पोलीस पहिल्यांदा साताऱ्याच्या दारात उभे राहतील.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं, की गाडी कितीही हातांतून फिरली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तुमच्या काकांसारखे कितीतरी लोक टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या देऊन ‘गाडी विकली’ असं समजतात. हे टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म 29 आणि 30, कपाटात राहिले तर कायद्याच्या दृष्टीने काहीच विकलेलं नसतं. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते राज्यातल्या राज्यात विकली तरीही.

दुसरी गोष्ट मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 ची. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. तुम्ही इंजिन उतरवलंत, दारं काढलीत, बॉडी देऊन टाकलीत, तरी सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदणी प्रणालीत ती गाडी अजून धडधाकट उभी आहे. ती नोंद मिटवणं हे आता तुमचं आणि काकांचं पहिलं काम. दोघं मिळून त्यांच्या आरटीओत जा. सोबत मूळ आरसी, पोलिसांकडच्या अर्जाची पोच, खोललेल्या गाडीचे फोटो आणि गाडी कशी, कधी, कुणाला दिली याचं दोघांचं प्रतिज्ञापत्र न्या. बॉडी हातातून गेलीय, म्हणून प्रश्न विचारले जातील. त्यांना खरी उत्तरं द्या. आणि भंगारवाल्याला शोधा. बॉडी अजून त्याच्या वखारीत असेल, तर चासी नंबरचा पत्रा कापून घ्या आणि नंबर प्लेटा परत आणा.

त्या पत्र्याबद्दल दोन शब्द. पासिंगच्या वेळी आम्ही चासी नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासायचो, आकडे पांढरे उमटायचे. कारखान्यात ठोकलेल्या आकड्यांची खोली आणि अंतर एकसारखं असतं. कुणी जुना नंबर कानसने घासून नवा ठोकला असेल, तर त्या जागचा पत्रा बोटाला किंचित खोलगट लागतो, एखादा 3 तिरका बसलेला असतो, आणि ठशात घासल्याच्या बारीक रेघा उतरतात. हा पत्रा कापून दुसऱ्या बॉडीवर वेल्ड केला, की चोरीच्या गाडीला तुमच्या काकांचं नाव मिळतं. म्हणून बॉडी देताना हा तुकडा आणि प्लेटा तिच्यावर कधीच सोडू नयेत. आणि तुम्हीही मोहात पडू नका. वडिलांच्या गाडीची बॉडी जास्त सडलेली आणि साताऱ्याची चांगली होती, म्हणून नंबरांची अदलाबदल करणारे लोक मी पाहिलेत. भावना समजते, पण तो सरळ गुन्हा आहे.

पुढच्या वेळेसाठी : 1 एप्रिल 2025 पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झालेत. नोंदणीची मुदत संपलेली, नोंदणी रद्द झालेली किंवा मालकाने स्वतःच टाकाऊ ठरवलेली गाडी त्यात येते, आणि ती 180 दिवसांत नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा करण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला बॉडी विकून विषय संपत नाही. केंद्र आधी पाहतं, की गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, चोरीच्या नोंदीत नाही ना. मग जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं आणि केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमानुसार खासगी गाडीला करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत राज्य देऊ शकतं. स्क्रॅपिंग केंद्रात जाण्यापूर्वी फोन करून विचारा, कोणते भाग काढलेली गाडी ते घेतात आणि कोणते भाग काढले तर घेत नाहीत. हा फोन गाडी खोलण्याआधी करायचा, नंतर नाही. आणि जमा करताना मूळ मालकाला सोबत न्या. नाव त्यांचं आहे, प्रमाणपत्रही त्यांच्याच नावाने निघेल.

प्रश्न : आजोबांची फियाट गोठ्यात उभी आहे. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आरसी सापडत नाही. मला तिचे भाग विकायचेत, पण मोठे काका म्हणतात गाडीत माझाही हिस्सा आहे. भंगाराला कसला आलाय हिस्सा? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका बरोबर बोलतायत. गाडी चालो न चालो, ती आजोबांची मालमत्ता आहे आणि सगळ्या वारसांची आहे. एकाने परस्पर खोलून विकली, तर दुसरा पोलिसांत जाऊ शकतो, आणि घरातली भांडणं तिथे गेली की परत घरात येत नाहीत. आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद जोडून फॉर्म 31 ने एका वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करता येतो. हरवलेल्या आरसीची पोलीस ठाण्यात नोंद करा, दुय्यम प्रतीसाठी फॉर्म 26 भरा. जुन्या फियाटवर पुष्कळदा त्या काळच्या कर्जाचा बोजा राहून गेलेला असतो, तो फॉर्म 35 ने उतरवावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत उभ्या गाडीचा पत्रा कितपत उरलाय तेही पाहून घ्या. कदाचित विकण्याजोगं फार काही निघणार नाही, आणि मग नोंदणी रद्द करून गाडी केंद्रात देणं सगळ्यांनाच सोपं जाईल.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याने जुनी मारुती 800 आणून सोसायटीच्या स्टिल्टमध्ये खोलायला घेतली. सेक्रेटरींनी नोटीस दिली. गाडी आमच्याच पार्किंगमध्ये आहे, मग सोसायटीचा काय संबंध? गाडीला सीएनजी किट आहे. – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, मुलाचं कौतुक आहे, पण सेक्रेटरींच्या बाजूने मी उभा राहीन. सोसायटीने दिलेली पार्किंगची जागा गाडी उभी करण्यापुरती असते. तिथे वर्कशॉप चालवता येत नाही. इमारतीखाली पेट्रोल, ऑइल आणि ग्राइंडरच्या ठिणग्या एकत्र आल्या, तर धोका वरच्या सगळ्या मजल्यांना आहे. मुलाने अशाच आणखी गाड्या आणून भाग विकायला सुरुवात केली, तर तो धंदा ठरतो आणि प्रश्न सोसायटीच्या बाहेर जातो.

माझी झोप उडवणारी गोष्ट मात्र तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलीत. सीएनजीची टाकी साधारण 200 बारच्या दाबाने भरलेली असते. काटा शून्यावर असला तरी टाकी रिकामी आहे असं धरायचं नाही. तिचा व्हॉल्व्ह पान्याने उघडायचा नाही, कटर तर तिच्या जवळही आणायचा नाही. दर तीन वर्षांनी तिची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, व्हावी लागते, आणि जुन्या 800 वरच्या टाकीची ती झाली असण्याची शक्यता कमीच. अधिकृत सीएनजी किट बसवणाऱ्याला बोलवा. टाकी त्यालाच रिकामी करून उतरवू द्या, लेखी पावती घ्या, आणि आरसीवरची सीएनजीची नोंद नोंदणी रद्द करताना दाखवा. हे होईपर्यंत मुलाला गाडीला हात लावू देऊ नका.

बाकीचं सोपं आहे. काढलेलं इंजिन ऑइल गटारात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याला ऑइल देणारं एखादं मोठं गॅरेज ते घेईल. बॅटरी दुकानदाराला द्या. 2022 च्या नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यात टाकता येत नाही, आणि तो पैसेही देतो. मुलाची हौस मोडू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याशी बोला, रविवारी त्याच्या शेडमध्ये जागा मिळते का बघा. तिथे त्याला हाताखाली शिकवणारं माणूसही मिळेल.

प्रश्न : जुन्या बाजारातून इंजिन घेतलं, पावती नाही. आता दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस म्हणतात ते चोरीच्या गाडीचं आहे. मला काहीच माहीत नव्हतं. – एक वाचक, नागपूर

उत्तर : चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली येतो. पूर्वी तो दंड संहितेच्या 411 खाली होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. माल चोरीचा आहे हे माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे त्यात महत्त्वाचं. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालं, नंबर खरवडलेला होता, पावती दिली नाही, या गोष्टी ‘कारण’ म्हणून तुमच्यासमोर ठेवल्या जातील. इंजिन जसंच्या तसं ठेवा. नंबरवर रंग लावू नका, विकू नका, कुणाला परत देऊ नका. नोटीस लेखी मागा, वकिलाला दाखवा. पैसे मोबाइलवरून दिले असतील, तर तो व्यवहार आणि दुकानाचा फोटो तुमच्या उपयोगी पडेल.

मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या खोलून भाग विकले जायचे. 2021 मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. तिथून निघालेला माल देशभर गेला असणार आणि प्रामाणिक हौशी माणसाच्या गाडीतही बसला असणार. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स घेताना पावतीवर विकणाऱ्याचं नाव, मूळ गाडीचा नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्यायचाच. द्यायला तयार नसेल तर रिकाम्या हाताने परत या. आणि स्वच्छ कागदांचं इंजिन बसवलंत, तरी 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. नाहीतर विम्याचा दावा करताना हाच फरक पुढे येतो.

प्रश्न : नाशिकला आमच्याकडे 1968 ची फियाट आहे. चालू होत नाही, पण पूर्ण आहे. भागांना चांगला भाव येतोय. खोलून विकू का? – एक वाचक

उत्तर : कायदा विचारताय, तर कलम 55 आणि वरची सगळी पथ्यं पाळून मार्ग निघतो. पण माझी विनंती आहे, ही गाडी खोलू नका. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणी आणली. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोज बाजाराला न्यायला ही नोंदणी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरायला नेणं एवढंच. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. म्हणजे आज दारं आणि इंजिन विकलंत, तर हा रस्ता तिच्यासाठी कायमचा बंद. पूर्ण फियाट शोधणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. गाडीचे चारही बाजूंचे, बॉनेटखालचे आणि आरसीचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. घेणारा शोधायला मी स्वतः मदत करीन, आणि नावावर करून देईपर्यंत चावी देऊ नका.