बीच बॉइजच्या गाण्यांत त्यांच्या गावचा किनारा कितपत उतरला आहे?

आपला प्रश्न असा आहे की, रॉक बँडच्या गाण्यांत त्यांच्या गावचा समुद्रकिनारा खरोखर उतरतो, की तो केवळ रेकॉर्डच्या वेष्टनावरील छायाचित्रापुरता असतो. बीच बॉइज मी अनेक वर्षे मनापासून ऐकत आलो आहे, म्हणून त्यांच्याच आधारे उत्तर देतो.

हा बँड १९६१ साली कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे सुरू झाला. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन असे हे पाच जण. हॉथॉर्न मात्र समुद्रकाठी नाही. पॅसिफिक तिथून काही मैलांवर आहे. सर्फबोर्ड घेऊन नियमाने लाटांवर जाणारा त्यांच्यात एकटा डेनिस होता, आणि सर्फिंगवर गाणे करा हा आग्रहही त्याचाच. गाणी रचणारा ब्रायन किनाऱ्यापेक्षा घरातल्या पियानोपाशी अधिक रमणारा. ‘सर्फिन यूएसए’ (१९६३) या गाण्यात किनाऱ्यांची जी नावे एकामागून एक येतात, तीदेखील त्याने आपल्या मैत्रिणीच्या सर्फिंग करणाऱ्या भावाकडून विचारून घेतली होती. चाल तर अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरीची.

म्हणजे किनारा उसना होता का? मला तसे वाटत नाही. त्याच वर्षीचा ‘सर्फर गर्ल’ हा अल्बम लक्ष देऊन ऐकावा. शीर्षकगीताची लय इतकी संथ आहे की त्यात लाटेवर स्वार होण्याचा थरार मुळीच नाही. वाळूत उभे राहून दुसऱ्या कुणाला तरी पाण्यात पाहत राहणाऱ्याची ओढ मात्र आहे. आणि याच अल्बमवर ‘इन माय रूम’ हे गाणे आहे. हॉथॉर्नच्या घरी तिघे भाऊ एकाच खोलीत झोपत आणि तिथेच ब्रायनने धाकट्या दोघांना सुरांत सूर मिसळायला शिकवले. या गाण्याच्या पहिल्या कडव्यात केवळ त्या तिघांचेच आवाज आहेत; आधी ब्रायन एकटा, मग हलकेच दुसरा, मग तिसरा. समुद्राइतकीच ही बंद खोलीही त्यांच्या गाण्यांचे गाव आहे, आणि त्यांच्या सागरगीतांतली हुरहुर मला या दोहोंमधल्या त्या काही मैलांच्या अंतरातून आलेली वाटते.

समुद्र आतून ओळखणाऱ्याचे गाणे ऐकायचे असेल, तर डेनिसचा १९७७ चा ‘पॅसिफिक ओशन ब्लू’ हा स्वतंत्र अल्बम ऐकावा. त्यात कोवळ्या उंच स्वरांऐवजी त्याचा घोगरा, थकलेला आवाज आहे आणि समुद्र सुट्टीचा राहिलेला नाही. २८ डिसेंबर १९८३ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे या बंदरात डेनिस बुडाला, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्याला समुद्रातच निरोप देण्यात आला.