पिंचो, पिंच्यो की सरळ चकणा?

प्रश्न असा आहे की स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातल्या बारमध्ये पेल्याबरोबर खायच्या छोट्या पदार्थांसाठी पाटीवर जो शब्द दिसतो (पी-आय-एन-टी-एक्स-ओ) तो मराठीत पिंट्क्सो लिहायचा का, तापास (स्पेनमधल्या बारमधल्या छोट्या प्लेट) म्हणजे तेच का, आणि आपला चकणा हा शब्द का नको.

पिंट्क्सो तर अजिबातच नको. ते स्पेलिंग तिथल्या बास्क भाषेचं आहे आणि बास्कमध्ये टी-एक्स मिळून च होतो. मूळ शब्द स्पॅनिशच, पिंचार म्हणजे टोचणे यावरून आलेला, कारण पावाच्या तुकड्यावरचा ऐवज घसरू नये म्हणून त्याला दातकोरणं टोचायचे. आता बऱ्याच पिंचोंना काडी नसतेच पण नाव चिकटलं ते चिकटलं.

खरी गंमत पुढे आहे आणि ती आपल्यालाच कळते, कारण आपल्याकडे दोन च आहेत, चार मधला आणि चोर मधला. बास्कमध्येही हे वेगळे आहेत, टी-एक्स म्हणजे चार मधला च आणि टी-झेड म्हणजे साधारण चोर मधला. पण आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे 'पिंचो' लिहिलं की मराठी माणूस चोर सारखा वाचणार, आणि तिथली ती हलकी फेसाळ पांढरी वाइन 'चाकोली' लिहिली की चाकोरी सारखी. म्हणून काटेकोर लिहायचं तर पिंच्यो आणि च्याकोली. मी स्वतः मात्र पिंचोच लिहितो, पिंच्यो जरा शेजाऱ्याच्या बाळ्याचं टोपणनाव वाटतं.

आता तापास. एक तर तापास हे अनेकवचन आहे, एकवचन तापा, म्हणजे झाकण, त्यामुळे 'एक तापास द्या' हे 'एक पोळ्या द्या' सारखं होतं. चकण्याचं म्हणाल तर तो स्पेनच्या दक्षिणेतल्या ग्रानादा शहरात चालेल, तिथे ड्रिंक मागवलं की बरोबर छोटी प्लेट फुकट येते, काय येईल ते बारवाला ठरवतो, मुख्य काम पिण्याचं. सान सेबास्तियानला हिशोब उलटा आहे, तिथे प्रत्येक पिंचोचे पैसे पडतात आणि लोक खाण्यासाठीच बार निवडतात, पेला नुसता सोबतीला. जुन्या गावात संध्याकाळी घोळका निघतो, एका बारमध्ये उभ्या उभ्या एक-दोन पिंचो आणि एक पेला, की पुढचा बार, तिथे त्या बारची जी खासियत असेल ती. काउंटरवर मांडून ठेवलेलं दिसतं तेवढंच असतं असं समजून नवखे लोक ताट भरून घेतात, पण गरम पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात आणि सांगितल्यावर आत बनतात, खरा माल बहुतेक तिथेच. अशा खाण्याला चकणा म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान आहे असं माझं मत. पिंचोला पिंचोच म्हणावं, पाव बटाटा आपण पोर्तुगीजांकडून घेतलेच की, त्यात शेजारघरचा अजून एक.

एक पिंचो मात्र अजून नावाला जागतो. काडीवर हिरवं ऑलिव्ह, लोणच्यातल्या बारीक हिरव्या मिरच्या आणि खारवलेल्या अँचोव्ही माशाची पट्टी, पाव नाही की शिजवणं नाही, आणि सगळं एका घासात तोंडात टाकायचं. तो कासा वाय्येस नावाच्या बारमधला म्हणून सांगतात, आणि नाव पडलं रिटा हेवर्थच्या १९४६ च्या 'गिल्डा' सिनेमावरून, कारण काय तर त्यातली नायिकाही तशीच, हिरवट, खारट आणि जराशी तिखट (स्पॅनिशमध्ये हिरवट म्हणजे चावटसुद्धा). पण बारमध्ये गिल्डा म्हणू नका, स्पॅनिशमध्ये तिथे जी चा ख सारखा घशातून उच्चार होतो, म्हणून खिल्दा.

टी-एक्स ओळखता आला की बाकीचा मेनू आपोआप वाचता येतो, खेकड्याचा च्यांगुर्रो, हाडासकट भाजलेलं गोमांस ते चुलेता (इथेही च चार मधला, चुलत सारखा नाही). आणि पाटीवर बास्क शब्दात झेड दिसला तर झ नाही, स म्हणायचं, छोट्या ग्लासातली बिअर हवी असेल तर झुरितो नाही, सुरितो मागा.