ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीकडची कांदळवनं तोडून दुसरीकडे तेवढीच झाडं लावली, तर कार्बनचा हिशेब जुळतो का?

नाही, निदान काही दशकं तरी नाही, कारण कांदळवनाचा बहुतेक कार्बन खोडात नसून खालच्या चिखलात असतो. भरतीने भिजलेल्या त्या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. त्यामुळे मुळं-पानं पुरती कुजत नाहीत, साठत जातात. बांध घालून गाळ सुकवला की हवा आत शिरते आणि जुना साठा कार्बन डायऑक्साइड होऊन उडू लागतो. रोपांच्या आकड्यात हे दिसणार कुठून? मात्र लागवड सरसकट फुकट जाते असं नाही: डेब्रिजने अडलेली भरतीची वाट मोकळी केली, तर तिवराची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, रोपं बहुधा आपसूक रुजतात. फक्त फ्लेमिंगो चरतात त्या उघड्या चिखलावर रोपं लावू नयेत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये मिळालेल्या रामसर दर्जात, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा या मान्यतेत, या पक्ष्यांचाही वाटा आहे.