काचेवर आपटलेलं हिरवं कबूतर कुठलं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, घरामागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. मागच्या आठवड्यात खिडकीच्या काचेवर धाडकन काहीतरी आपटलं, बघते तर खाली हिरव्या पंखांचं, लाल चोचीचं कबूतर पडलेलं. तासाभराने आपलं आपण उडून गेलं. घरात कोण म्हणतं हरियल, कोण म्हणतं कुणाचंतरी पाळलेलं सुटलं असणार. देवळाजवळच्या वडावर पण हिरव्या कबुतरांचा थवा येतो, ती हीच का? आणि अंगणात दाणे टिपायला येतात त्या सगळ्यांना आम्ही कवडेच म्हणतो, त्यात पण प्रकार असतात का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर: ताई, ते पाळलेलंही नाही आणि हरियलही नाही, तो पाचू कवडा. लाल चोच आणि हिरवे पंख एवढ्यावरूनच कळलं, कारण आपल्याकडे असा दुसरा कुठला नाही. याचे फक्त पंख आणि पाठ हिरवी, चेहरा, मान आणि पोट विटकरी-गुलाबीसर. माथा राखाडी आणि कपाळ, भुवई पांढरीशुभ्र दिसली असेल तर नर, मादी जरा मळकट तपकिरी असते. याला कुळागर फार आवडतं, पोफळींच्या सावलीत पडलेल्या पाल्यात एकटा नाहीतर जोडीने चालत चालत बिया, खाली पडलेली फळं वेचतो. मोलेच्या जंगलातल्या रस्त्यावर सकाळी सकाळी मला तो बरेचदा दिसलाय, अगदी पायाशी येईपर्यंत कळत नाही, आणि उठला की जमिनीपासून हात-दीड हातावरून झाडांमधनं सुसाट जातो, तेव्हा पाठीच्या खालच्या भागावर दोन फिकट पट्टे दिसतात ते बघून ठेवा. असं खालून जोरात उडायची सवय म्हणूनच तो काचेवर आपटतो, काचेत त्याला पलीकडची झाडंच दिसतात ना. काचेला बाहेरच्या बाजूने चार-चार बोटांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा, आतून पडदा लावून तेवढा फरक पडत नाही. परत कधी आपटलाच तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचा, चोचीत पाणी मुळीच घालायचं नाही, आणि तासा-दोन तासांनी बाहेर नेऊन खोका उघडायचा. तरी उडाला नाही तर वन खात्याला फोन करा.

आता वडावरचे. ती हरियलांची, म्हणजे हिरव्या कबुतरांची मंडळी, ती सहसा जमिनीवर येतच नाहीत. वड-पिंपळ पिकले की थव्याने येतात आणि पानांत अशी मिसळून जातात की झाड रिकामं वाटतं, मग कुणी जोरात हाक मारली की तीस-चाळीस एकदम फडफडत उडतात. घुमत पण नाहीत, माणसाने शीळ घालावी तशी गोड शीळ घालतात. पाय पिवळे दिसले तर पिवळ्या पायांची हरियल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी तो हाच. पाय लाल असतील तर नराची पाठ बघायची, गडद विटकरी पाठ आणि राखाडी कपाळ म्हणजे ग्रे-फ्रंटेड हरियल, हा फक्त पश्चिम घाटातच सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून तो दिसला की मला फार आनंद होतो. छातीवर जांभळट आणि खाली केशरी पट्टा असेल तर ऑरेंज-ब्रेस्टेड हरियलचा नर. लाल पायांच्या माद्या बघून मात्र घाईने नाव देऊ नका, सोबतचा नर दिसेपर्यंत थांबा. आणि कावळ्याएवढं मोठं, डोकं-छाती राखाडी, पाठ चकचकीत हिरवी असं काही उंच शेंड्यावर बसलेलं दिसलं तर तो ग्रीन इम्पिरिअल पिजन. अशी मोठी कबुतरं रानजायफळासारखी फळं अख्खी गिळतात आणि बी लांब नेऊन टाकतात, तुमच्याच सत्तरीत बांबरला निरंकाराची राई, म्हणजे देवराई आहे तिथे ही रानजायफळाची झाडं बघायला मिळतील.

अंगणातला तुमचा कवडा बहुतेक ठिपकेवालाच. मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके, बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखे. मानेला नुसतीच काळी अर्धी कंठी आणि अंग फिकट राखाडी असेल तर कंठीवाला होला, पण तो कोरड्या, उघड्या मुलखातला, घाटावर भरपूर, आपल्याकडे कमी. देवळाच्या, मार्केटच्या छपरावर असतात ते पारवे, पंखावर दोन काळे पट्टे.

प्रश्न: बाल्कनीत तुळशीच्या कुंडीत कवड्याने चार काड्या टाकून दोन अंडी घातलीत. घरटं इतकं विरळ की अंडी पडतील असं वाटतं. आणखी काड्या घालू का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: नको, हात लावू नका. त्यांचं घरटं असंच असतं, खालून बघितलं तर अंडी दिसावीत इतकं विरळ. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतील, आणि आई-बाप दोघेही त्यांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं दाट अन्न भरवतात, त्यामुळे तुम्ही दूध-भात ठेवायची पण गरज नाही. तुळशीला पाणी घालताना कडेकडेने, हळूच घाला. जवळच उथळ ताटलीत पाणी ठेवलंत तर एक गंमत दिसेल, बाकीचे बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात, हे मात्र चोच बुडवून एका दमात ओढून पितात. पिल्लं उडाली की मग कुंडी हवी तिथे हलवा.