इंजिनिअरिंग सोडून नट, मग दिग्दर्शक : डस्टिन गुयेनची वाट पूर्ण बघून घे

प्रश्न : मी इचलकरंजीचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचवं सेमिस्टर झालं, दोन विषय राहिलेत. पहिल्या वर्षापासून कॉलेजच्या एकांकिकांत काम करतोय. आधी अभिनय करायचा आणि पुढे सिनेमा दिग्दर्शित करायचा, हे माझं पक्कं आहे. ‘वॉरियर’ मालिकेत झिंगचं काम करणारा डस्टिन गुयेन मला फार आवडतो. तोही इंजिनिअरिंगला होता, ते सोडून नट झाला आणि नंतर व्हिएतनाममध्ये जाऊन दिग्दर्शक झाला. मग मीही आत्ताच कॉलेज सोडून मुंबईला जाऊ का? वडिलांचे यंत्रमाग आहेत, धंदा मंदीत आहे, माझ्यासाठी बँकेचं कर्ज काढलंय. त्यांच्यापाशी हा विषय कसा काढू?

प्रिय मित्रा,

आधी सरळ उत्तर देतो. कॉलेज आत्ता सोडू नकोस, आणि नाटक तर मुळीच सोडू नकोस. उरलेल्या दीड वर्षात ही दोन्ही कामं बरोबर चालू शकतात. का, ते डस्टिन गुयेनच्याच आयुष्यावरून सांगतो. तू त्याचं पहिलं आणि शेवटचं पाऊल बघितलंस. मधली सगळी वाट तुझ्या पत्रात आलीच नाही, आणि खरा धडा तिथेच आहे.

डस्टिनचा जन्म १९६२चा, सायगावचा. वडील शुआन फात तिथले नावाजलेले नट, विनोदी कामांसाठी प्रसिद्ध. आईही अभिनेत्री आणि नर्तकी. १९७५च्या एप्रिलमध्ये युद्धाच्या शेवटी दक्षिण व्हिएतनामची ही राजधानी कम्युनिस्टांच्या हाती पडली तेव्हा हा बारा वर्षांचा होता. घरदार सोडून हे कुटुंब निर्वासितांच्या छावण्यांतून अमेरिकेत मिसुरी राज्यात पोहोचलं. पुढे ते कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत आले. व्हिएतनामी निर्वासितांची मोठी वस्ती तिथेच उभी राहिली. सायगावात ज्यांना लोक रस्त्यात ओळखायचे, त्यांच्या कलेचं परक्या भाषेच्या मुलखात काय होणार होतं? निर्वासितांच्या घरांत मुलांनी इंजिनिअर व्हावं, डॉक्टर व्हावं असं आईवडिलांना का वाटायचं, हे यंत्रमागवाल्याच्या मुलाला समजावून सांगायची गरज नाही.

ऑरेंज कोस्ट कॉलेजात तो इंजिनिअरिंग शिकत होता. तिथे अभिनयाचा एक वर्ग घेतला आणि पुढचं सगळं बदललं. तुला या गोष्टीतलं ‘सोडलं’ एवढंच दिसलं. पण ते कॉलेज कसलं आहे, तेही बघ. अमेरिकेत त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, आणि विद्यार्थी गणिताच्या तासाबरोबर नाटकाचाही तास घेऊ शकतो. विषय बदलला तरी आधी केलेलं सगळं वाया जात नाही. आपल्याकडे चार वर्षांच्या पदवीत पाचव्या सेमिस्टरनंतर बाहेर पडणाऱ्याच्या हातात काय उरतं, ते तुला ठाऊक आहे. त्याने घेतलेली जोखीम आणि तू घ्यायला निघालेली जोखीम सारखी नाही. शिवाय त्याने आधी वर्गात अभिनय करून पाहिला, मग दिशा बदलली. तू एकांकिका करतोस म्हणजे त्या वर्गात तू आधीच बसला आहेस.

आता मधली वाट. १९८५मध्ये ‘मॅग्नम पी.आय.’ या मालिकेत त्याला छोटं काम मिळालं. मग ‘जनरल हॉस्पिटल’ या रोजच्या मालिकेत भूमिका मिळाली. १९८७मध्ये ‘२१ जंप स्ट्रीट’ आली. तरुण पोलीस विद्यार्थी बनून शाळा-कॉलेजांत शिरतात, अशी ती मालिका. जॉनी डेप याच मालिकेने लोकांपुढे आला. डस्टिनच्या पात्राचं नाव हॅरी ट्रुमन आयोकी, आणि ते पात्र जपानी-अमेरिकन होतं. व्हिएतनामी मुलाला जपानी आडनावाचं काम. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर आशियाई चेहऱ्याला कुठल्याही आशियाई देशाचा माणूस करून टाकत.

पण मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. एका भागात उघड झालं की आयोकी हे त्याचं खरं नावच नाही. तो सायगावहून पळालेला व्हिएतनामी मुलगा आहे आणि तगून राहण्यासाठी त्याने दुसऱ्याची ओळख घेतली आहे. नटाच्या स्वतःच्या बालपणाशी जुळणारी कहाणी पात्राच्या आयुष्यात आली आणि अमेरिकन घराघरांत दिसली. त्याच्यातल्या दिग्दर्शकाची सुरुवात मी इथे धरतो. आपल्याला मिळालेलं पात्र कुणीतरी दुसऱ्याने रचलेलं आहे आणि ते वेगळंही रचता आलं असतं, हे नटाला एकदा उमगलं की नुसतं काम मिळवून त्याचं समाधान होत नाही. तुला दिग्दर्शक का व्हायचंय, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तो प्रश्न स्वतःला विचार, आणि घाई न करता विचार.

पुढची वीस वर्षं चकचकीत नाहीत. १९९०मध्ये त्याने ती मालिका सोडली. १९९३मध्ये ऑलिव्हर स्टोनच्या ‘हेवन अँड अर्थ’ या व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटात तो नायिकेचा भाऊ होता. १९९८ ते २००२ चाललेल्या ‘व्ही.आय.पी.’ या हाणामारीच्या मालिकेत काम केलं. २००५मध्ये ऑस्ट्रेलियात केट ब्लँचेटबरोबर ‘लिटल फिश’ केला, त्यातलं काम शांत, आतून आलेलं. या सगळ्या वर्षांत मार्शल आर्ट्सचा सराव चालूच राहिला. अनेक प्रकारांची तालीम त्याच्या अंगात होती, आणि ज्या उद्योगात त्याच्यासारख्या चेहऱ्याला फारशा भूमिका लिहिल्या जात नव्हत्या तिथे याच कौशल्याने त्याला कामावर ठेवलं.

दरम्यान व्हिएतनाम बदलत होतं. १९८६पासून आर्थिक सुधारणा सुरू झाल्या होत्या, १९९५मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळले, आणि २०००नंतरच्या काळात खासगी निर्मात्यांना चित्रपट काढायला वाट मोकळी झाली. परदेशात वाढलेली व्हिएतनामी मंडळी परत येऊन सिनेमे करू लागली. त्यांतलाच चार्ली गुयेन. त्याच्या २००७च्या ‘द रिबेल’मध्ये, फ्रेंच राजवटीतल्या कथानकात, डस्टिनने खलनायक केला. समोर जॉनी त्री गुयेन आणि न्गो थान व्हान होते. न्गो थान व्हान ही लहानपणी देश सोडून नॉर्वेत वाढलेली अभिनेत्री. तिनेही पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि २०१६मध्ये तिथल्या प्रसिद्ध लोककथेवरचा चित्रपट दिग्दर्शित केला. एकाच सेटवरच्या नटांतून दोन दिग्दर्शक निघाले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. उद्योग नव्याने उभा राहत असतो तेव्हा नटाला नुसतं नट राहून भागत नाही. मारामारी बसवण्यापासून पटकथेपर्यंत आणि पैसा उभा करण्यापर्यंत सगळ्यात हात घालावा लागतो.

डस्टिनने २०१०मध्ये ‘फ्लोटिंग लाइव्ह्ज’मध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात नावेवर राहणाऱ्या, बायको सोडून गेल्यामुळे कडवट झालेल्या बापाचं काम केलं. न्गुयेन न्गोक तू या लेखिकेच्या गाजलेल्या कथेवरचा हा चित्रपट. मिळाला तर जरूर बघ. हाणामारीचा नट म्हणून ओळखला जाणारा माणूस न बोलता किती करू शकतो, ते दिसेल.

आणि मग २०१३मध्ये ‘वन्स अपॉन अ टाइम इन व्हिएतनाम’ हा मारधाडीचा चित्रपट. दिग्दर्शक तोच, नायकही तोच. पहिल्या भूमिकेपासून मधे २८ वर्षं गेली होती आणि तो पन्नाशीला पोहोचला होता. दोन वर्षांनी, २०१५मध्ये, त्याने ‘जॅकपॉट’ केला. त्यात तलवारी नाहीत, उड्या नाहीत. लॉटरीची तिकिटं विकून पोट भरणाऱ्या बाईची आणि तिच्या प्रामाणिकपणाची साधी गोष्ट आहे. व्हिएतनामने तोच चित्रपट ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी पाठवला. नामांकन मिळालं नाही, पण मारधाडीवर नाव कमावलेल्या माणसाने तिकीट विकणाऱ्या बाईकडे कॅमेरा वळवावा, ही मला त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी उडी वाटते.

आता तुझं बघू. आधी अभिनय की थेट दिग्दर्शन? नट म्हणून सेटवर गेलास तर नटाशी कसं बोलावं, त्याला कधी एकटं सोडावं, हे तू कुणी न शिकवता शिकशील. पण लेन्स, संकलन, ध्वनी, दिवसाचं शेड्यूल, हे नटाच्या खुर्चीतून आपोआप येत नाही. ते मागून, विचारून, प्रसंगी फुकट राबून घ्यावं लागतं. म्हणून सहायक दिग्दर्शकाचं काम कर, असं मी सांगेन. तुझ्यापासून तासाभरावर कोल्हापूरची चित्रनगरी आहे, तिथे मालिकांची चित्रीकरणं होतात. सुट्टीत तिथे महिनाभर क्लॅप धर, कंटिन्युइटीची वही, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतं का याची नोंद, सांभाळ. बारा-बारा तास उभं राहूनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर तुझ्या पत्रातल्या ‘पक्कं आहे’ या शब्दांवर माझा विश्वास बसेल.

पदवीचा थेट उपयोग ऐक. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांचे तीन वर्षांचे आणि पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवीबरोबर किमान सहा नाटकांतल्या कामाचा अनुभव लागतो, तेव्हा तुझ्या एकांकिकांची प्रमाणपत्रं आणि पत्रकं आजपासून एका फाइलमध्ये लाव. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्राची अकादमी हेही चांगले पर्याय आहेत. अर्ज करताना त्या वर्षीची माहितीपत्रिका स्वतः वाच, नियम बदलत असतात. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंस तर यांतले बहुतेक दरवाजे तू स्वतःच्या हाताने लावून घेशील.

वडिलांशी बोलताना ‘मला हे आवडत नाही’ इथून सुरुवात करू नकोस. त्यांच्या डोक्यात कर्जाचा हप्ता आहे, आधी त्याचं उत्तर दे. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. मधेच शिक्षण सोडलं तर काय होतं, हे तुझ्या बँकेच्या शाखेत जाऊन विचार आणि ते वडिलांना सांग. मग एका कागदावर लिही : पदवी कधी, राहिलेले दोन विषय कधी, प्रवेश परीक्षा कोणत्या, आणि प्रवेश मिळाला नाही तर पुण्यात नोकरी करून, हप्ता भरून, संध्याकाळी तालीम कशी करशील. ‘नाही मिळाला तर’ हा भाग वगळू नकोस. वडील सगळ्यात आधी तोच शोधतील, कारण धंद्यात त्यांनी मंदी सोसली आहे. आणि एकदा त्यांना तुझ्या एकांकिकेच्या प्रयोगाला बोलाव. त्यांनी तुला रंगमंचावर पाहिलं आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस.

ते दोन विषय आधी काढ. परीक्षा संपल्यावर चित्रनगरीत काम मिळालं की मला लिही, कुठल्या विभागात घेतलं तेही कळव. तोवर फोनवर पाच मिनिटांची एक गोष्ट चित्रित कर, तीही तुमच्या माग चालणाऱ्या गल्लीतली. संकलन तूच कर आणि ती मला पाठव.